समोरच्या घरातले सर

चर्चमध्ये अंत्यविधीची प्रार्थना चालू होती आणि अमोस डोळे मिटून कीबोर्डवर हलके सूर धरून बसला होता. बोटं कधी रोजच्या सरावातल्या निओ-सोल या नव्या पाश्चात्त्य संगीताच्या डुलत्या ठेक्यात शिरली, त्याला कळलंच नाही. पाळकांनी थांबून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो ओशाळून थांबला.

शवपेटीत पाटोळे सर होते, त्याला लहानपणापासून बाजाची पेटी शिकवणारे. "तुमचं वाजवणं आता जुनं झालं, सर," असं सगळ्यांदेखत म्हणून त्याने त्यांची शिकवणी सोडली होती.

दफन झाल्यावर त्याने सरांच्या पत्नीला गाठलं. "काकू, चुकलं माझं. आज असं वाजवायला नको होतं."

"असू दे रे. ते तर तू नेटवर टाकतोस ते व्हिडिओ लावून पेटीवर हेच कॉर्ड बसवत होते. बोटं वळायची नाहीत. मी म्हटलं, अमोसला बोलवा. तर म्हणाले, त्याला कुठे वेळ असणार?"

सरांचं घर अमोसच्या घरासमोरच होतं. शिकवणी सोडल्यापासून त्याने तो उंबरा ओलांडला नव्हता. मान खाली घालून तो काकूंच्या मागून त्या घराकडे चालत राहिला.