चौथी नळी

चौथ्या नळीतून आवाज कोंदट आला.

“परत फुंक,” सासरे म्हणाले. ते डोळे मिटून स्टुलावर बसले होते.

सुनेने मॅनिफोल्ड पुन्हा ओठांशी धरला. इंजिनाला हवा पोचवणारा तो चार नळ्यांचा ॲल्युमिनियमचा तुकडा. आतून घासून वाट मोकळी केली की हवा जास्त जाते आणि गाडीला जोर येतो. पहिल्या तीन नळ्या एका सुरात बोलल्या. चौथी मात्र नाक चोंदल्यासारखी.

“वाकणावर अजून घासायला हवं,” ती म्हणाली.

“तिथे भिंत पातळ आहे. भोक पडलं तर दुसरा मिळायचा नाही. ही गाडी बनवणं बंद होऊन जमाना झाला.”

“माहीत आहे, बाबा.”

नवरा पलीकडे टायरची हवा बघत होता. उद्या सकाळी टेकडीची शर्यत होती आणि गाडी तोच चालवणार होता. मागच्या वेळी शेवटच्या चढावर गाडीने मान टाकली होती.

“भोक पाडलंस तर उद्या ढकलत न्यावी लागेल मला,” तो म्हणाला.

“ढकल की. पोट तरी उतरेल.”

या गॅरेजात नळ्या आजवर सासऱ्यांनीच घासल्या होत्या. हल्ली त्यांच्या हातात चहाची बशीसुद्धा वाजायची. त्यांनी छोटा ग्राइंडर उचलला, थोडा वेळ नुसताच धरला आणि सुनेपुढे केला.

तिने नळीत बोट घालून वाकण चाचपलं. मग ग्राइंडर लावला. थोडं घासायचं, थांबायचं, पुन्हा बोट फिरवायचं. नवऱ्याने टायर सोडून दिला होता. एका जागी ग्राइंडरचा आवाज एकदम पातळ झाला आणि सासरे स्टुलावरून अर्धे उठले. तोवर तिने हात काढूनही घेतला होता.

“बास,” ती म्हणाली. “आपल्याला काही घासून आरसा करायचा नाही.”

भुगा झटकून तिने फुंकर मारली. चौथी नळी बाकीच्या तिघींसारखी बोलली. सासऱ्यांनी मान हलवली.

मॅनिफोल्ड बसवून इंजिन सुरू केलं तेव्हा ऊन उतरलं होतं. सासऱ्यांची एक जुनी रीत होती. फिल्टर काढायचा, हवा घेणाऱ्या तोंडावर तळहात ठेवायचा आणि हातावर उठणाऱ्या वळावरून ओढ जोखायची.

“रेस दे,” ते म्हणाले.

नवऱ्याने रेस दिली. तोंडावर ठेवलेला सासऱ्यांचा हात खाली खेचला गेला. इंजिन गुदमरून बंद पडलं तेव्हाच तो सुटला.

“काय बाबा?” नवऱ्याने विचारलं.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. सासऱ्यांनी कपबशी डाव्या हाताने घेतली. बशी वाजली.

“उजव्याला काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी मूठ उघडली. तळहातावर लाल, पुरता गोल वळ उठला होता.

“सूनबाईचं काम आहे,” ते म्हणाले. “जरा राहू दे.”