मे महिन्यातली बोट

या, पुढे सरका. टाळ जरा मांडीवर ठेवा, मागच्यांनी भिंत सोडा. एका बोटीची गोष्ट सांगायची आहे, आणि ती पाण्यात नाही, चिखलात सुरू होते.

धरणाच्या धक्क्यावर रणजितराव उभे होते आणि समोर पाणीच नव्हतं. मे महिना. हंसाच्या आकाराच्या पायडल बोटी वाळक्या चिखलात माना टाकून पडल्या होत्या. पावसाळ्यात जिथं कणसांच्या धुरानं डोळे चुरचुरतात, तिथं टपऱ्यांवर निळे कागद बांधलेले होते. टपरीच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं. ते रणजितरावांना बघूनही उठलं नाही. वाघोलीत असं होत नसे.

रणजितराव वाघोलीचे. शेतात इमारती उगवल्या तेव्हापासून त्यांना राव म्हणावं लागतं. हातात खड्यांच्या अंगठ्या. गाडीची किल्ली त्यांनी कधी खिशात ठेवली नाही. ती हातात गरगर फिरत असायची, म्हणजे गाडी किती मोठी आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

त्यांच्या आईचा, मथुराबाईंचा, एक डोळा गेला होता आणि दुसरा जात होता. पुढचा उन्हाळा दिसेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून बाईंनी एकच धोशा लावला होता. "उन्हाळा हाय तवर मला धरणावर ने. तिथं बोट दे. मग काय मागायची न्हाय."

रणजितरावांनी हे लग्नाच्या पंगतीत हसून सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. "म्हातारीला बोटिंग सुचलंय, तेही मे महिन्यात." आईला त्यांनी चांदीच्या मुठीची काठी घेतली होती, चाकाची खुर्ची घेतली होती, सांभाळायला पगारी बाई ठेवली होती. आता बोटही देऊन टाकू, म्हणजे विषय संपला. आई मागून भिंत चाचपत येते हे त्यांनी कधी पाहिलं नाही. सतत पुढे चालणाऱ्याला ते दिसणार कसं?

धक्क्यावर राखणीला नागोराव होते, अकोल्याकडचे. ते खाटेवर आडवे पडले होते आणि तसेच राहिले.

"एक बोट पाहिजे," रणजितराव म्हणाले.

"या दिवसात बोट भेटत नाही जी."

"भेटतात माणसं. वस्तू मिळतात. पुण्यात राहता, तर मराठी तरी नीट बोला."

ज्याची आई हाय-न्हाय बोलते, तो दुसऱ्याचं मराठी तपासत होता. नागोरावांनी मान डोलावली.

"बरं, मिळत नाही. पानी तुम्ही गाडीत आणलं असन, तर सोडतो एक."

रणजितरावांनी आमदारांची ओळख सांगितली. नागोरावांनी ती शांतपणे ऐकून घेतली. धरणातलं पाणी काही चढलं नाही.

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. मथुराबाई उतरल्या होत्या. काठी चिखलात रुतणार, म्हणून त्यांनी ती सीटवरच ठेवली होती. कठडा धरून त्या धक्क्याच्या पायऱ्या उतरल्या. शेवटच्या पायरीशी कठडा संपला. पुढे धरणाचा उघडा तळ होता आणि दूर मध्यावर काळ्या दगडांचं एक देऊळ वर आलं होतं.

"आई, थांब. कुठं निघालीस?"

"म्हादेवाला. माझं माहेर हाय ते, धरणात बुडाल्यालं. पाणी उतरलं की चार दिस वर येतं." त्यांनी देवळाच्या दिशेनं मान वळवली, पण ती थोडी चुकीच्या बाजूला वळली. "आत्ताच जाया पायजे. मग ते आसंल, मला दिसायचं न्हाय."

"अगं, पण बोट नाहीये. या माणसाकडे नाही, कुणाकडेच नाही. कुठून आणू?"

मथुराबाईंनी हात पुढे केला आणि हवेत तसाच धरून ठेवला.

"आनायचं कशाला? तुझ्याच हाताला हाय की. ती किल्ली काढ, म्हंजे मोकळं हुईल."

किल्ली थांबली.

रणजितराव स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी किल्ली खिशात टाकली, बूट काढले आणि पायऱ्या उतरले. आईनं त्यांचं बोट मुठीत धरलं. अंगठीचा खडा तिच्या तळव्याला टोचला, म्हणून त्यांनी अंगठीही काढली.

पहिली काही पावलं ते सवयीनं पुढे गेले. बोट मागे ओढलं गेलं. मग त्यांनी आईची चाल धरली. चिखल लागला की ती घट्ट धरी, दगड लागला की सैल सोडी. देवळाच्या चौकटीशी तिनं उरलेला डोळा दगडाला अगदी चिकटवला आणि इंच इंच सरकत सगळी चौकट पाहिली. तोवर तिनं बोट सोडलं नाही, आणि त्यांनीही घाई केली नाही.

परत येताना नागोराव खाटेवर उठून बसले होते. मघाचा अपमान त्यांनी नीट जपून ठेवला होता. एकेक अक्षर तोलून, शुद्ध पुणेरी मराठीत त्यांनी वरून विचारलं, "काय साहेब, मिळाली का बोट?"

"भेटलं," रणजित म्हणाला.

पुण्याच्या माणसाला मराठी येत नाही, असं नागोरावांना अजून वाटतं. वाटू द्या. तुम्ही मात्र यापुढे कुणाचं बोलणं दुरुस्त करायला निघालात, तर आधी मथुराबाईंना आठवा.