झटपट वजन

१९८९ची गोष्ट. रत्नागिरीच्या उज्ज्वला शेट्येने मिरकरवाडा बंदरावरच्या मासळी व्यापाऱ्यासाठी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा बनवला. आतल्या चिपचा सगळा प्रोग्राम तिने सी या संगणकभाषेत लिहिला होता, पण तो इतका मंद चाले, की टोपली ठेवल्यावर आकडा कितीतरी वेळ वर-खाली नाचत राही. "मासळी विकायला आलेल्या बायका खोळंबतात," व्यापारी म्हणाला. "जमत नसेल तर काटा परत घेऊन जा."

उज्ज्वला इरेला पेटली. वजन मोजण्याचा भाग तिने चिपच्या यंत्रभाषेला जवळच्या, म्हणून वेगवान असेंब्ली भाषेत नव्याने लिहिला आणि बाकीच्या सी प्रोग्रामला जोडला. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत तिला घास गोड लागला नाही. पण आता टोपली टेकते न टेकते तोच आकडा उमटू लागला, तोही अगदी अचूक.

कोळीण गोदूबाईने कोळंबीची टोपली काट्यावर ठेवली, आकडा पाहिला आणि टोपली झटकन उचलून घेतली.

"काय गो, टोपली टेकली पन नाय नि वजन आलं? आकडा आधीच भरून ठेवलायस!"

उज्ज्वलाने शपथा घेतल्या, खात्रीची वजनं ठेवून दाखवली. पण एकही बाई काट्याजवळ फिरकेना. शेवटी तिने प्रोग्राममध्ये चार ओळी वाढवल्या. काट्याला वजन क्षणात कळायचं, पण आकडा मात्र शून्यापासून सावकाश चढत जायचा.

गोदूबाई तो आकडा थांबेपर्यंत टक लावून बघत राहिली.

 

"हां," ती समाधानाने म्हणाली, "आता खरा मोजतोय बघ!"