मेळ्याचा ब्लाउज

यॉर्कशरमधल्या त्यांच्या गावात दर मे महिन्यात मेळा भरतो आणि सगळं गाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले कपडे घालून नाचतं. यंदा हेझलने आईसाठी त्या काळच्या ब्लाउजचा नव्याने छापलेला कागदी नमुना मागवला होता. त्यावरून कापड कापून, कच्चे टाके घालून ब्लाउज आईच्या अंगावर चढवला, तर तो कुठेच बसेना.

"रेशनवर जगणाऱ्या बायांची मापं ती," आई म्हणाली. "मी केकवर वाढलेय, बाई!"

हेझल हसली, पण तिचा कान पाळण्याकडे होता. तिच्या बाळाला सर्दी झाली होती आणि सकाळपासून ती त्याचा श्वासन् श्वास ऐकत होती. बाजूच्या शिवणी उसवून तिने ब्लाउज सैल केला, टाचण्या ओठांत धरल्या आणि ती छातीला गोलाई देणारे टक घ्यायला लागली. उजवा छान बसला.

"डावीकडे घेऊ नकोस," आई म्हणाली. "तिथे सपाटच ठेव."

हेझलने भुवया उंचावल्या.

"गाठ वाईट निघाली. गुरुवारी डावा स्तन काढणार आहेत. मेळ्याला मात्र मी येणार, आणि हाच घालून येणार."

हेझलच्या घशातून नुसताच एक आवाज आला.

"अगं, हळू! गिळशील एखादी टाचणी," आई म्हणाली. "तुझं तोंड बंद होतं म्हणून तर आत्ता सांगितलं. नाहीतर तू मला वाक्य पुरं करू दिलं असतंस?"