उद्घाटनाचं बटण

तुळजाबाईंनी एंटरचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

केंदूरच्या चौकातल्या त्या एवढ्याशा दुकानात अख्खी भावकी कोंबली होती. नारळ फुटला होता, उदबत्तीचा धूर डोळ्यांत जात होता, कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता. दुकान सून सविताचं, ऑनलाइन कामाचं, तिचं स्वतःचं. उद्घाटन सासूच्याच हातून करायचं हा तिचा हट्ट. आणि तुळजाबाईंचा हट्ट असा, की पूजेआधी मशीनला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. त्यामुळं शिरूरहून आणलेलं ते कोरं मशीन आज भर पूजेत पहिल्यांदा चालू झालं होतं. विंडोज टाकायलाही तिथंच सुरुवात. आता सांगा, अशानं दुसरं काय होणार?

तुळजाबाईंनी पुन्हा दाबलं. पडद्यावरची भाषा निवडायची चौकट हलायला तयार नाही.

"म्हणलं व्हतं मी," मागून त्यांची धाकटी जाऊ सिंधूबाई कुजबुजल्या. त्याही विधवाच. कुजबुजल्या कसल्या, सगळ्यांना ऐकू गेलं. "आपल्यासारख्या बिनकुंकवाच्या बायांनी मागं बसावं. सवाष्णीचा हात लावा."

मघापासून तुळजाबाईंचा चेहरा कसा फुलला होता, तो पार उतरला. "सविता, मी सरते बाजूला," त्या म्हणाल्या. "तुझ्या कामाला माझ्यापायी खोट नको."

सविताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. पण बाई डोक्यानं तल्लख. "उठू नका आत्या," ती म्हणाली. "सवाष्णच पायजे ना? सुलक्षणाताई, या. दाबा."

नणंद सुलक्षणा हिरव्या बांगड्या वाजवत पुढं आली. दाबलं. ढिम्म.

"आबा, तुम्ही सरपंच. तुम्ही दाबा."

पोपटरावांनी खाकरून, टोपी सारखी करून दाबलं. ढिम्म. पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी तर मंत्र पुटपुटून दाबलं. तरी ढिम्मच! दुकानात खसखस पिकली.

"आता बोला!" सविता कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आत्याच्या हाताला खोट, मग गुरुजींच्या हाताला काय झालं? अवो, ह्यो कीबोर्ड यूएसबीचा हाय, माउसबी यूएसबीचाच. विंडोज आत बसल्याबिगर ह्या मशीनला ते कळतच न्हाईत. कीबोर्डचा दिवा बघा, कवाच विझलाय. जुना, गोल पिनेचा कीबोर्ड पायजे. कुणाकडं हाय का?"

"आपल्या डेअरीत हाय की!" हौशीराम मामा ओरडले. चप्पल न घालताच ते पळत गेले आणि एक पिवळा पडलेला कीबोर्ड काखेत मारून धापा टाकत परत आले. त्याला आंबलेल्या दुधाचा वास येत होता. येऊ दे! सवितानं मशीन बंद केलं, मागं गोल पीन खोचली, पुन्हा चालू केलं. तीच चौकट आली, पण आता कीबोर्डवर हिरवा दिवा जळत होता.

"आत्या, दाबा."

"नको गं."

"दाबा म्हणते ना!"

तुळजाबाईंनी डोळे मिटून बोट टेकवलं. चौकट गेली, पुढचं पान उघडलं. काय टाळ्या पडल्या म्हणता! शिट्टीसुद्धा वाजली, आणि ती गुरुजींनीच वाजवली असं हौशीराम मामा शपथेवर सांगतात. तुळजाबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"अजून एकदा दाबायचंय," सविता म्हणाली.

तुळजाबाई मात्र खुर्चीतून उठल्या. भिंतीला टेकून गप उभ्या असलेल्या सिंधूबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत आणून खुर्चीत बसवलं.

"अवं जाऊबाई, मला कशाला..."

"दाब गुमान."

सिंधूबाईंनी हात लुगड्याला पुसला. परत पुसला. मग एक बोट हळूच पुढं नेऊन बटणावर ठेवलं आणि दाबलं. पान पुढं सरकलं, पुन्हा टाळ्या झाल्या. बोट मात्र तिथंच.

"काकी, झालं, सोडा आता," सविता हसत म्हणाली.

"थांब की गं जरा," सिंधूबाई म्हणाल्या. "ठिवू दे."