डब्याचा पंचनामा

सहा वर्षं नगरपालिकेतल्या साहेबांना मीच जेवणाचा डबा पोचवतेय, आणि खानावळीच्या परवान्याचा माझा अर्ज तीन वर्षं त्यांच्याच टेबलावर धूळ खात पडलाय. आज डबा ठेवला तर साहेब म्हणाले, “मावशी, वरून आदेश आलाय. विनापरवाना अन्न विकणाऱ्यांवर कारवाई करायचीय.” मी म्हटलं, “मग परवाना द्या की!” “त्याचं बघू,” म्हणत ते जेवायला बसले. बोटं चाटून झाल्यावर त्यांनी पंचनामा लिहायला घेतला. पंच म्हणून सही करायला शेजारचे दोन कारकून आले; दोघंही माझंच जेवून उठलेले, हात अजून ओले. पुरावा म्हणून साहेबांनी माझा रिकामा डबा कापडात बांधला, गाठीवर लाखेचा शिक्का मारला. खाल्ल्या मिठाला तिघांतला एकही जागला नाही. मी दाराशी पोचते तोच साहेबांनी हाक मारली, “मावशी, उद्या दुसऱ्या डब्यात आणा हं.”