शास्त्रीबुवांची नवी झडप

डॉक्टर सरोदे यांनी हृदयाची प्लास्टिकची प्रतिकृती उघडून वेदशास्त्रसंपन्न धुंडिराजशास्त्र्यांपुढे ठेवली. सर्व देहातले अशुद्ध रक्त उजव्या कप्प्यात येते, फुप्फुसांत शुद्ध होऊन डाव्या कप्प्यात उतरते आणि या शेवटच्या झडपेतून पुन्हा देहभर जाते, हे त्यांनी सावकाश समजावले. शास्त्रीबुवांची हीच झडप आता जेमतेम उघडत होती. ती बदलली नाही, तर वर्ष निघणे कठीण होते.

"धातूची बसवली तर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागेल, आणि ती तुमच्या जठरातल्या व्रणाला सोसणार नाही," डॉक्टर म्हणाले. "उरली गाईची किंवा डुकराची."

"गाईचे नाव काढू नका." शास्त्रीबुवांनी प्रतिकृतीवर बोट ठेवले. "मेंदूकडचे रक्तही इथूनच जाते?"

"थेंब न् थेंब. मूत्रपिंडाचे, यकृताचे, जिभेचेसुद्धा."

"म्हणजे माझे रुद्रपठण रोज डुकराच्या परवानगीने व्हायचे."

शेजारी बसलेल्या पत्नी मनोरमाबाई म्हणाल्या, "अहो, पठण व्हायला माणूस तर हवा."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. मग ते प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "भगवंताने प्रत्यक्ष वराहरूप धारण करून पृथ्वी सुळ्यांवर उचलली. त्याला माझे रक्त जड नाही. आणा तो कागद."

संमतिपत्रावर त्यांनी वळणदार देवनागरीत सही केली. मनोरमाबाईंनी ती नीट वाचून पाहिली, कागद डॉक्टरांच्या हाती पोहोचू दिला आणि मगच त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षे घरात कांदा येऊ दिला नाहीत. आज आणते."